आडनाव सांग!



चौकीत पहिला प्रश्न काय असतो? 'किती प्यायलास?' हा नसतो. 'आडनाव काय?' हा असतो. आडनाव सांगितलं की वस्ती विचारतात, वस्ती सांगितली की बाप काय करतो ते विचारतात. कॉलेजचं आयकार्ड नि आधार कार्ड नंतर बघतात, तोवर साहेबाचं ठरलेलं असतं.

आता कायदा बघा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, नाव तेवढं महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालंय. प्यायची तर परमिट पाहिजे. बियरला वय २१, कडक दारूला २५. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देऊन सरकार पाडता येतं, पण चोविसाव्या वर्षी पेग घेतला तर गुन्हा. म्हणे कायदा सगळ्यांना सारखा! मग क्लबच्या दारात पोलिसांची जीप का दिसत नाही? आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर ती रोज उभी असते.

दारूची वकिली मी करत नाही. दारूनं आपल्या वस्त्यांचं काय केलं ते आपल्या आयांना विचारा. मी बोलतोय ते केसबद्दल.

पोरगं पकडलं गेलं की सगळे एकच सल्ला देतात. हवालदार देतो, कोर्टाबाहेरचा दलाल देतो, आपला मामाही देतो : 'किरकोळ आहे रे, गुन्हा कबूल कर, दंड भर, घरी जा.' पोरगं दंड भरतं, सुटलो म्हणतं. सुटलं कुठं? कबुली दिली म्हणजे कागदावर दोषी ठरलं. पुढं सरकारी नोकरी लागते, साक्षांकनाचा फॉर्म येतो. कधी अटक झाली? खटला झाला? शिक्षा झाली? 'नाही' लिहिलं तर माहिती लपवली, 'हो' लिहिलं तर फाईल अडली. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की कोवळ्या वयातली किरकोळ बाब लपवली गेली असेल तर नेमणूक करणारा तिच्याकडं दुर्लक्ष करू शकतो. करू शकतो, करेलच असं नाही. ज्याच्या बापाचा धंदा आहे त्याला हा फॉर्म कधी भरावाच लागत नाही. आपल्या घरात शिकून मिळणारी नोकरी हीच इस्टेट, म्हणून किरकोळ केस आपल्याला किरकोळ नसते.

दुसरी गोष्ट. वय वाढवायला जन्मसाल बदललेलं कार्ड खिशात ठेवू नका. मोबाइलवर पाच मिनिटांत बनतं, सगळेच करतात, मला ठाऊक आहे. पण खोटा कागद बनवणं आणि तो खरा म्हणून दाखवणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे. साध्या बनावटीलाही दोन वर्षांपर्यंत कैद. बियरच्या बाटलीपायी स्वतःच्या हातानं त्यांना हे कलम देऊ नका.

आणि पकडलंच तर? हातापायी करू नका, पण गप्पही बसू नका. अटक कशासाठी, ते विचारा. घटनेच्या बाविसाव्या कलमानं कारण सांगावं लागतं, वकील भेटू द्यावा लागतो, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं. १९९६ च्या डी. के. बसू निकालानं अटकेचा पंचनामा आणि घरच्याला किंवा दोस्ताला खबर सक्तीची केली. वाचल्याशिवाय सही करू नका. वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका. पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींना आणि बायांना फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टातच कचेरी असते. फोन १५१००.

हा फुकटचा वकील भीक नाही, हक्क आहे. ते आडनाव विचारतात ना? बिनधास्त सांगा. आणि लगेच म्हणा, आता माझा वकील बोलवा.