रक्तात काय असतं आणि काय नसतं



'त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य ऐकून ऐकून आपले कान किटले. हुशारी त्यांच्या रक्तात, घाण आपल्या रक्तात. मागच्या जन्माचं पापसुद्धा आपल्याच रक्तात. तेव्हा एकदा रक्तच उघडून बघू.

सुरुवात साध्या वाटाण्यापासून. ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा साधू होता. शेतकऱ्याचा पोरगा. मास्तरकीची परीक्षा काही त्याला पास होता आली नाही. १८५६ पासून त्यानं मठाच्या बागेत वाटाणे लावले. गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण एकमेकांत फळवला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. मग सुरकुती गेली कुठं? पुढच्या पिढीत ती हजर : ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तीनाला एक. म्हणजे दुधात पाणी मिसळावं तसे गुण मिसळत नाहीत. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक दुसरीला दाबते, पण दबलेली मरत नाही. १८६६ साली त्यानं हे छापलं. कुणी ढुंकून बघितलं नाही. तो १८८४ मध्ये मेला आणि १९०० साली जगाला जाग आली. असो.

दुसरा जर्मन शास्त्रज्ञ वाइसमान. त्यानं पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या. पिल्लं आपली शेपटीसकट जन्मत राहिली. गोदीत गोणी वाहून माझ्या खांद्याला घट्टा पडलाय, तो माझ्या पोराला जाणार नाही. तसं भटजीचं पाठांतरही त्याच्या पोराला जात नाही. घरातली पुस्तकं जातात, जमीन जाते, साहेबाची ओळख जाते. हा वारसा सातबाऱ्यावरून येतो, जनुकावरून नाही.

मग रक्तातून खरंच काय येतं? सिकलसेल येतो. रक्तातला लाल रंग ज्या पदार्थाचा, त्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं. तेवढ्यानं गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळीत अडकते, सांधे ठणकतात, पोर रात्रभर किंचाळतं. एक चिठ्ठी बिघडलेली असली तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक. तो बहुधा धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर 'एसएस', म्हणजे रोगी. दोन वाहकांचं लग्न झालं की दर बाळंतपणात चारात एक धोका. पहिलं पोर आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. दर खेपेला चिठ्ठ्या नव्यानं उचलल्या जातात.

विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध वस्त्यांत आहे. नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या गोंड-माडियांतही आहे. म्हणून काही शहाणे ह्याला 'त्यांचा रोग' म्हणतात. त्या शहाण्यांना सांगा, हा रोग आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. तिथं कुठला मनू गेला होता? १९५४ साली ॲलिसननं पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की एक बिघडलेली चिठ्ठी असलेलं पोर जीवघेण्या मलेरियातून तगतं. जिथं मलेरिया, तिथं ही चिठ्ठी टिकली. डासाला जात कळत नाही.

जात चिठ्ठीत नाही, पण चिठ्ठ्या कुणाच्या कुणाशी पडायच्या ते जात ठरवते. बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबियात सांगितलं होतं की जातीचा कणा म्हणजे बेटीबंदी. २०१३ साली जनुकं तपासणाऱ्यांनी त्यावर जणू शिक्काच मारला : साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत ह्या देशातली माणसं एकमेकांत भरपूर मिसळली, मग दारं बंद झाली. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणाऱ्यांचे पूर्वजही त्याच सरमिसळीतले. आणि बंद दारामागं दबलेल्या चिठ्ठ्या एकमेकींना गाठतात, मग वाडा कितीही उंच असो.

आता थोडं आपल्या वस्तीबद्दल, राग आला तरी. आजारी पोर झालं की सून पांढऱ्या पायाची. अरे, एसएस पोराला एक चिठ्ठी बापाचीच असते. आणि मुलगी झाली म्हणून बायकोला बदडणारे वीर आपल्यातही आहेत. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं. आईकडं दुसरा पत्ताच नसतो. ज्याला हात उचलायचाय त्यानं आधी एवढं समजून घ्यावं.

लग्नाआधी पत्रिका नको, रक्ताचा कागद बघा. पोराचा आणि पोरीचा, दोघांचा. दोघंही 'एएस' निघाले तर काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. पोटातल्या गर्भाची ह्या आजारासाठी तपासणी कायद्यानं करता येते. पोरीचा कागद गावभर करू नका.

केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, सात कोटी लोक तपासायचे म्हणून. तपासा. पण कार्ड हातात दिल्यावर पुढं काय? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बारा महिने आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजे. रोजी बुडवून जिल्ह्याला हेलपाटे कोण घालणार? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांत रक्ताच्या आजारांना जागा नाही. प्रमाणपत्र आहे, नोकरी नाही. ह्या दोन गोष्टींसाठी वस्तीवस्तीतून सह्या गोळा करायला ह्याच महिन्यात लागायचं आहे. ज्यांच्या घरात एसएस पोर आहे त्यांनी पहिली सही करावी.