खिडक्यांचा रतीब

मे महिन्यात सुटी घालवायला वर्ध्याला कुणी जातं का? मी जाते. एक तर रजा तेव्हाच मिळते, आणि आईच्या हातचं पन्हं अजून कुठल्या ॲपवर मिळत नाही. तर महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून उतरले, ४५ डिग्रीला नमस्कार केला आणि घरी पोचले. बघते तर घरातला पारा त्याहून वर!

कारण? आमचे चिरंजीव, म्हणजे ताईचा मुलगा. वय वर्षं १६, दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. बाकीची पोरं अकरावीच्या फाउंडेशन बॅचला बसलेली, आणि हा पठ्ठ्या सकाळी सहाला बादली घेऊन लोकांच्या खिडक्या पुसायला जातो!

‘‘लोक काय म्हणतील?’’ भाऊजींचा सवाल. ‘‘सायबाचं पोट्टं लोकायच्या काचा पुसून राह्यलं!’’

‘‘भाऊजी, याला स्टार्टअप म्हणतात,’’ मी पुण्याच्या थाटात म्हटलं.

आयडिया मात्र मानली. विदर्भात उन्हाळा म्हणजे खिडकीला कूलर. कूलरचं पाणी बोअरचं, खारं. त्याचे शिंतोडे काचेवर उडतात, वाळतात आणि पांढरे डाग धरतात. नुसत्या फडक्यानं ते हलत नाहीत. शेजारच्या काकूंची एक खिडकी यानं व्हिनेगर-पाण्यानं लख्ख करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी हाक मारली. आता चौदा घरं आणि पाच दुकानं. पल्ल्यामागे दहा रुपये. घरं महिन्यातून दोनदा, दुकानं दर आठवड्याला. हिशेब वहीत, पैसे ताईच्या क्यूआर कोडवर.

‘‘एकदाच पुसण्यात काही मजा नाही मावशी,’’ तो म्हणाला. ‘‘दुधाचा कसा रतीब असते, तसा लावून घ्यायचा. मग रोज नवीन गिऱ्हाईक शोधत फिरा लागत नाही.’’ आमच्या ऑफिसात ही गोष्ट सांगायला कन्सल्टंट लागतो, बॉस!

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. कामाचा फंडा सोपा आहे, पण शिस्त लागते. ऊन चढायच्या आत आटपायचं, कारण तापल्या काचेवर साबण वाळतो आणि पट्टे उठतात. आधी स्लायडिंगच्या खाचेतली धूळ ब्रशनं काढायची, नाहीतर पाणी पडलं की तिचा चिखल होतो. बादलीत भांड्यांच्या लिक्विडचे चारच थेंब. वायपर वरून खाली, आणि प्रत्येक फटक्यानंतर रबर पुसायचं. कडा कोरड्या फडक्यानं. आणि ताईनं घातलेली अट: जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच. वरच्या मजल्याला नमस्कार.

ताईनं कायदाही बघून ठेवलाय. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. १४ ते १८ मधल्यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बँक खातं मात्र उघडता येतं. तो अर्ज भरून झालाय.

आणि हे सगळं कुठे, तर वर्ध्यात! सेवाग्राम आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत. १९३६ साली गांधीजी तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. मुलांनी हातानं काम करत शिकावं, आणि त्या कामातून शाळेचा खर्चही निघावा, हा तिचा गाभा. आश्रमात सफाई ही कमी दर्जाची गोष्ट नव्हतीच. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती, स्वयंपाक, सफाई करत शिकतात. आम्ही वर्धेकर काय करतो? पाहुण्यांना बापू कुटी दाखवतो आणि पोरांना कोचिंगला पाठवतो.

योगायोग बघा. त्याच १९३६ साली तिकडे कॅलिफोर्नियात एतोरे स्तेकोने नावाच्या, इटलीहून आलेल्या खिडक्या पुसणाऱ्या माणसानं हलका पितळी वायपर बनवला. आज जगभर काचा पुसायला जो वायपर वापरतात, तो थोड्याफार फरकानं तोच.

तर मी भाच्याचा फोटो काढला, ‘यंग आंत्रप्रेन्योर!’ लिहून टाकला. संध्याकाळपर्यंत लाइक्सचा पाऊस. मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, ‘‘यात तो नाही आला.’’

‘‘तो’’ म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या काकूंचा मुलगा. वय १७. सकाळी बरोबर होता, मीच त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं होतं. वायपर कसा धरायचा हे भाच्याला त्यानंच शिकवलं, कारण तो दोन वर्षं सुटीत एका दुकानाच्या काचा पुसतोय. कमाई दोघांत अर्धी-अर्धी.

‘‘तो पुसत होता तेव्हा कोणी फोटो नाही काढला मावशी. मी पुसला तर स्टार्टअप?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

‘‘एका घरी मला आत बोलावून सरबत दिलं, त्याला गेटपाशी पाणी. वरून ओंजळीत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. ते घर वहीतून काटलं. आता पाणी आमचं आम्ही नेतो. एकच बाटली.’’

वहीत खरंच एका नावावर रेघ होती. म्हणजे रतीब पंधरा घरांचा होता. पल्ले बारा, महिन्याचे दोनशे चाळीस रुपये. एवढ्या कमाईवर सोळा वर्षांच्या पोरानं पाणी सोडलं, तेही भाषण न देता. भाऊजी हे ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर ‘‘लोक काय म्हणतील’’ हे वाक्य काही माझ्या कानावर आलं नाही.

ती पोस्ट मी काढून टाकली. रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. भांड्यांच्या मांडणीत आमचे सगळ्यांचे कप एका ओळीत टांगलेले. काकूंचा कप खिडकीत. कान तुटलेला, वेगळा ठेवलेला. मी शाळेत होते तेव्हापासून तो तिथेच असतो, आणि इतकी वर्षं मला तो दिसलाच नव्हता.

सकाळी चहा झाल्यावर काकूंना आमच्यातल्याच एका कपात चहा दिला. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मग तिनंच तो तुटका कप उचलला आणि त्यात पुदिना लावला.

तुमच्या घरच्या खिडकीत काय ठेवलंय? जरा बघून या.