शेपूट छाटणारी कात्री

केळीचा घड उतरविणे हे कसबाचे काम. आमच्या सावद्याच्या मळ्यांत जाणता गडी विळ्याचा एकच वार करतो. घड हातात येतो, पण एकाही केळ्याला ओरखडा नाही. पेनिसिलिनच्या बाबतीत असले कसब एका जिवाणूपाशी आहे, हे वाचले आणि मी मराठीचा मास्तर त्या भानगडीत शिरलो.

पेनिसिलिनच्या रेणूला एक शेपूट असते आणि गाभ्यात चार अणूंचे नाजूक कडे. ते कडे ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिनबाईंनी 1945 साली क्ष-किरणांनी नक्की केले. शेपूट छाटून दुसरे जोडले, की ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे होतात. निव्वळ रसायनांनी छाटायचे तर उणे 40 अंशांची थंडी लागे. जिवाणूचे विकर, म्हणजे एन्झाइम, तेच काम कोमट पाण्यात उरकते. (‘विकर’ हा शब्द काढणाऱ्याला ‘विकार’ आठवला नसेल काय?)

या कात्रीचे पाते कुठे असते? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश व सहकाऱ्यांनी, इंग्लंडातल्या यॉर्कच्या शास्त्रज्ञांसह, ‘पेनिसिलिन-व्ही असायलेज’ या विकराची स्फटिकरचना 1999 साली प्रसिद्ध केली. दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे रेणू शिस्तीत बसवायचे, क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून गणिताने आकार काढायचा. निघाल्या चार सारख्या साखळ्या. प्रत्येकीच्या पहिल्याच टोकाला सिस्टीन नावाचा दुवा. तेच पाते! जन्मतः त्याच्यापुढे छोटासा तुकडा असतो. तो गळून पडला की पाते उघडे होते. आपल्या आतड्यांतले जिवाणू पित्तक्षार फोडतात ते विकरही याच्याच भाऊबंदांतले.

पण जिवाणूंपाशी दुसऱ्या कुळाचीही एक कात्री आहे. ती शेपटाकडे बघतही नाही; थेट ते चौकोनी कडेच फोडते आणि औषध निकामी करते. औषधाचा मारा झाला, की ही कात्री बाळगणारे जंतू तगतात आणि त्यांचाच वंश वाढतो.

परवा शेजारच्या काकू आईच्या सर्दीवर अमॉक्सिसिलिनच्या दोन उरलेल्या कॅप्सुला घेऊन आल्या. सर्दी विषाणूंची, तिथे या औषधाचे काय चालणार? मी त्या काढून घेतल्या.

“अहो सर, महागाच्या आहेत त्या,” काकू म्हणाल्या, “आमच्या नातवाला तर दोनच दिवसांत बरं वाटलं, म्हणून या उरल्या!”

नातवाच्या डॉक्टरांनी किती दिवस सांगितल्या होत्या, हे मी विचारले. काकू चहाकडे वळल्या.