सूर्यमाळ पाहायला जाणाऱ्यांस

जव्हारला महाबळेश्वर म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. मोखाड्याच्या सूर्यमाळाकडेही आपण थंड हवेचे ठिकाण म्हणूनच पाहतो. ही दृष्टीच आम्हांस मान्य नाही. या डोंगराभोवती वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी राहतात; उतारावर नागली-वरई पिकवितात. आषाढ-श्रावणात येथे आभाळ फाटते, पण कातळावरून पाणी वाहून जाते आणि वैशाखात बाया रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. वाहून गेलेले पाणी मात्र वाया जात नाही! वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर बांधला, २०१४ साली मध्य वैतरणा, दोन्ही मुंबईसाठी. ‘पाडे उंचावर, विखुरलेले’ हे उत्तर आम्ही ऐकून आहोत. बोगदे खोदून मुंबईत पाणी नेणाऱ्यांना चार टेकड्यांचा चढ अडवितो, हे कसे पटावे?

दिवाळी सरली की हीच कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. आपल्या कित्येक घरांच्या विटा त्यांनीच पाडलेल्या. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. जुने कपडे वाटायला जीपगाड्या आजही जातात. त्याआधी एक प्रश्न सरकारला लेखी विचारावा: या धरणांतल्या पाण्यात मोखाड्याच्या पाड्यांचा वाटा किती, आणि तो त्यांच्या हंड्यात केव्हा पडणार?