अठ्ठावीस म्हणजे नक्की किती?

बाबांच्या सायकलचा मागचा टायर बदलायचा होता. एवढंच. पण त्यापायी दोन आठवड्यांत घरात तीन टायर आले. एक परत गेला, एक सायकलवर चढला आणि एक माळ्यावर पडलाय, कारण तो परत करायचा राहिलाय हे माझ्या लक्षात आलं तोवर मुदत संपली होती. बायकोने "आता काय सायकलचं दुकान काढतोयस का?" असं विचारून झालंय. आज शनिवार, बाहेर पाऊस, चहाचा दुसरा कप हातात. म्हटलं ही कर्मकहाणी एकदाची लिहून टाकू.

बाबांची सायकल म्हणजे काळी ॲटलास. चोवीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची, माझ्या जन्माच्या आधीची. (हा चोवीस आकडा फ्रेमचा बरं का, चाकाचा नाही. चाक अठ्ठावीसचं.) बाबा आता ती चालवत नाहीत, पण रोज पुसतात, आणि रविवारी भाजी आणायला मी ती घेऊन जातो. टायरच्या कडेला चिरा पडल्या होत्या. मी काय केलं? आजकाल कुणीही करेल तेच. मोबाईल काढला, २८ इंची टायर शोधला, चार तारे, ढीगभर अभिप्राय, परवा घरपोच. झालं काम!

टायर आला. रविवारची अख्खी सकाळ मी तो रिमवर चढवायचा प्रयत्न करत होतो. दोन लिव्हर, मग स्वयंपाकघरातला एक चमचा (त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली)... पण एकीकडून बसवला की दुसरीकडून बाहेर. शेवटी टायरवरचे आकडे नीट वाचले, तर २८ च्या शेजारी बारीक अक्षरात ७०० x ३५ सी असंही होतं. म्हणजे हा आपला नव्हेच. परत पाठवला. जुन्या टायरवरचे आकडे झिजले होते, पण एका ठिकाणी '२८ x १ १/२' दिसत होतं. आता मी पडलो इंजिनिअर. दीड म्हणजे १.५ हे शाळकरी पोरालाही कळतं. '२८ x १.५०' शोधला, मिळाला, मागवला. आणि तोही चढेना!

इथे थोडं तांत्रिक सांगायलाच हवं, कारण हे मला आधी माहीत असतं तर एक रविवार आणि एक चमचा वाचला असता.

सायकलच्या टायरचा इंचातला आकडा म्हणजे फुगवलेल्या टायरचा साधारण बाहेरचा व्यास. रिमचा नव्हे. एकेकाळी वेगवेगळ्या जाडीचे टायर एकाच बाहेरच्या मापाला बसावेत म्हणून लोकांनी रिमच लहानमोठे केले. नंतर जाड्या बदलल्या, पण नावं तीच राहिली. त्यामुळे आज 'अठ्ठावीस' नावाखाली निदान दोन वेगळी चाकं फिरतायत. खरं माप टायरच्या कडेवर मिलीमीटरमध्ये छापलेलं असतं. आयएसओ ५७७५ नावाच्या मानकाप्रमाणे पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. बाबांच्या चाकाचं माप ४०-६३५. माझ्या '१.५०'चं माप ४०-६२२. तेरा मिलीमीटरचा फरक! टायरच्या काठात तार असते, ती काही ताणली जात नाही. म्हणजे मी सकाळभर सहाशे बावीसचं कडं सहाशे पस्तीसच्या चाकावर चढवत होतो. सव्वीसची गंमत तर याहून भारी. २६ x १ ३/८ चा रिम ५९०चा आणि २६ x १.७५ चा ५५९चा. तब्बल एकतीस मिलीमीटर, आणि दोघांचं नाव 'सव्वीस'. आमच्या धंद्यात एकाच नावाच्या दोन फायली, एकमेकींशी न जुळणाऱ्या, एकाच मशीनवर आल्या की आम्ही रात्र रात्र जागतो. सायकलवाले हे एक शतक सहन करतायत.

हे सगळं मला कळलं ते शेल्डन ब्राउन या माणसाच्या लिखाणातून. अपूर्णांकात लिहिलेलं माप आणि दशांशात लिहिलेलं माप गणिताने सारखं आलं तरी ते टायर एकमेकांच्या जागी चालायचे नाहीत, हा त्याचाच नियम. जगभरचे सायकलवेडे अजून त्याची पानं उघडून मापं बघतात. आता माझा मुद्दा नीट ध्यानात घ्या. हा माणूस कुठल्या विद्यापीठात नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट न्यूटन गावच्या हॅरिस सायकलरी नावाच्या दुकानात तो पार्ट्सचं खातं बघायचा. गल्ल्यापलीकडे उभं राहून लोकांचे हेच 'अठ्ठावीस म्हणजे किती' छाप प्रश्न ऐकता ऐकता त्याने ते लिहून काढले. २००८ साली तो गेला. दुकान २०२१ मध्ये बंद झालं. त्याची पानं मात्र अजून आहेत आणि आपण सगळे ती फुकट वाचून दुसरीकडून पार्ट्स मागवतो.

असो. तर तो दुसरा टायर खांद्याला अडकवून मी गेलो आमच्या काकांकडे. कोथरूडात एका जुन्या सोसायटीच्या कंपाउंडला टेकून त्यांचं दुकान आहे. पूर्वी तासावर भाड्याच्या सायकली पण होत्या त्यांच्याकडे. पुण्याला 'सायकलींचं शहर' म्हणायचे तेव्हा अशी दुकानं गल्लोगल्ली होती, आता शोधावी लागतात. काकांनी टायर हातातही घेतला नाही. लांबूनच म्हणाले, "साहेब, हा गिअरवालीचा. तुमचं अठ्ठावीस-दीड." वर हात घातला, टायर काढला, दहा मिनिटांत बसवला. तीनशेच्या आत काम झालं, ऑनलाइनवाल्याच्या निम्म्यात.

तुम्ही म्हणाल, ही जुनी सायकल, तिचं सामान दुकानातच स्वस्त मिळणार, यात काय मोठंसं. बरोबर आहे. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, अगदी जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. तरी तिचा प्रत्येक भाग, कॉटर पिनपासून छर्ऱ्यांपर्यंत, आज दुकानात मिळतो, कारण तो आराखडाच कुणी बदलला नाही. याउलट माझी गिअरची सायकल कालपरवाची आणि तिच्या पार्टचा नंबर कधी बदलेल याचा भरवसा नाही. म्हणून खरी परीक्षा माझ्या सायकलची. आणि तिथे मी जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात माझी चेन खराब झाली. मी ऑनलाइन नवी मागवली, व्हिडिओ बघून स्वतः बसवली, फुशारकीने फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर उभं राहून पेडल मारलं आणि चेन दात्यांवरून सटकली. पाय एकदम खाली, गुडघा हँडलवर, मागे बस. पडलो नाही हे नशीब. लंगडत काकांकडे. त्यांनी काय करावं? मी जुनी चेन पिशवीत आणली होती ती सरळ धरून तिच्यावर साधी स्टीलची पट्टी लावली. चेनचा एकेक सांधा अर्ध्या इंचाचा, म्हणजे चोवीस सांधे बरोबर बारा इंचात बसायला हवेत. माझे चोवीस सांधे बारा इंच आणि वर दोन सूत भरले. दोन सूत म्हणजे पाव इंच! "एक सूत वाढली तरी चकत्या गेल्या समजा. जुन्या दात्यांवर नवी चेन बसत नाही. फ्रीव्हील बदला." मी विचारलं कुठलं. त्यांनी चाक फिरवून बघितलं. "सात चकत्यांचं, चौदा-अठ्ठावीस, आट्यांवर बसणारं. कॅसेट घेऊ नका हां, ती तुमच्या हबवर बसायची नाही." कॅसेट आणि फ्रीव्हील दिसायला जुळी भावंडं, पण एक हबवर सरकवून बसवतात, दुसरं आट्यांवर फिरवून. मी नक्की कॅसेटच मागवली असती!

त्यांच्याकडे ते फ्रीव्हील होतं. मी म्हणालो "उद्या येतो", आणि घरी जाऊन तेच एकशे ऐंशी रुपये कमी देऊन ऑनलाइन मागवलं.

आणि वर कहर म्हणजे ते बसवायला परत त्यांच्याकडेच गेलो. फ्रीव्हील खोलायचं ते खास सॉकेट माझ्याकडे कुठलं असणार? जुनं फ्रीव्हील गंजून बसलं होतं. काकांनी पान्याला पाइप लावून, चाक पायात धरून, घामाघूम होऊन ते सोडवलं. मजुरी साठ रुपये. मी म्हणालो, "पन्नास घ्या ना."

त्यांनी पन्नास घेतले. काही बोलले नाहीत.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. या वीस वर्षांत मी कुणाला एखादी वस्तू म्हणून काही विकलेलं नाही. आमची कंपनी क्लायंटकडून तासाचे पैसे घेते, आणि त्यातले कितीतरी तास 'नक्की काय बिघडलंय' हे शोधण्यात जातात. लिनक्स फुकट मिळतं, त्याच्या सपोर्टचे पैसे मोजावे लागतात, आणि हे फार न्याय्य आहे यावर मी कॉलेजातल्या पोरांना भाषणं दिली आहेत. मग सायकलच्या दुकानात मी नेमकं काय विकत घेत होतो? फ्रीव्हील तर कुठेही मिळतं. मला हवं होतं ते 'कुठलं फ्रीव्हील' आणि 'चेन नव्हे, चकत्या गेल्यात' हे ज्ञान. ते काकांनी फुकट दिलं, कारण त्यांच्या धंद्यात ते फुकट द्यायचीच रीत आहे. त्याची वसुली पार्टच्या नफ्यातून होते. तो नफा मी दुसऱ्याला नेऊन दिला, ज्याने माझी सायकल बघितलीसुद्धा नाही.

यावर 'स्थानिक दुकानातूनच घ्या' अशी घोषणा मी देणार नाही. एकतर स्थानिक म्हणजे काय? काकांकडचा टायर लुधियानाचा, कुरिअरने येणारं सामानही बऱ्याचदा लुधियानाचंच. आणि दुकानांचे अनुभवही सगळे गोड नाहीत. शहरातल्याच एका दुकानात मला 'कंपनीचे' म्हणून दिलेले ब्रेकचे रबर एका पावसाळ्यात असे कडक झाले की ब्रेक दाबला तर नुसती किंकाळी. बिल मागितलं तर तो माझ्याकडे आयकरवाल्यासारखा बघायला लागला. डिस्क ब्रेकचे पॅड इतक्या आकारांचे असतात की कुठल्याच छोट्या दुकानाला ते सगळे ठेवणं परवडणार नाही. माझा मावसभाऊ लातूरला असतो, त्याला ते ऑनलाइनच मागवावे लागतात आणि त्याला ते वरदान वाटतं. वाटणारच. (उलट २०२०-२१ मध्ये जगभर पार्ट्सचा तुटवडा पडला, माझ्या पडद्यावर जिथे तिथे 'उपलब्ध नाही', तेव्हा काकांच्या फळीवर धुळीने माखलेला एक डबा निघाला होता. पण ते अपवादात धरू.)

माझं म्हणणं इतकंच आहे की पार्ट कुठूनही घ्या, पण निदान ज्याच्याकडून घेतलं त्याला निदानाचे पैसे द्या. आणि काकांसारख्यांनीही ते मागायला शिकावं. नाहीतर पार्टवरचा नफा जाईल, मजुरी पन्नासच राहील, आणि एक दिवस तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान येईल. मग सहाशे पस्तीस की सहाशे बावीस हे मी कुणाला विचारू? शेल्डनची पानं मला माप सांगतील. पण माझी जुनी चेन हातात धरून तिला पट्टी लावणार नाहीत.

हे सगळं मी काकांना बोलून दाखवलं. टायर बसवून झाल्यावर, जरा धीर करून. ते दहा रुपये पण दिले. म्हटलं, तुम्ही दरपत्रक लावा, मी छापून आणतो. गेल्या रविवारी घेऊन गेलो. पंक्चर, आउट काढणे, ओव्हरहॉलिंग, बाहेरून आणलेला पार्ट बसवणे (हा दर मीच दुप्पट ठेवला होता) आणि सर्वात वर 'तपासणी: ५० रुपये'. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. दुपटीच्या दराला मान डोलावली. मग कानामागचं पेन काढलं आणि तपासणीचे पन्नास खोडून 'मोफत' लिहिलं.

"अहो काका, तोच तर मुद्दा आहे!" मी म्हणालो.

"नुसतं बघायचे कसले पैसे घ्यायचे हो साहेब?"

अर्धा तास वाद घातला. निकाल लागला नाही. कागद अजून भिंतीला चिकटवलेला नाही, गल्ल्याखाली ठेवलाय. आज संध्याकाळी पाऊस थांबला तर परत जाणार आहे. तसाही लेकीच्या सायकलचा पुढचा ब्रेक घासतोय, तो त्यांना दाखवायचाच आहे.