वाढीचा हिशेब आणि वनाचे भवितव्य

जर्मनीच्या चौथ्या राष्ट्रीय वनगणनेचे निष्कर्ष २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले. २०१७ ते २०२२ या काळात तेथील वनांतील कार्बनसाठा वाढण्याऐवजी घटला आणि ज्या स्प्रूस वृक्षावर तेथील लाकूडधंदा उभा आहे, त्याचे पहिले स्थान जाऊन ते पाइनकडे आले. वनशास्त्राच्या माहेरघरी हे घडावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट होय.

तोडावे तितकेच, जितके वाढते, हा विचार कार्लोविट्झ या खाणअधिकाऱ्याने १७१३ मध्ये ग्रंथबद्ध केला. पुढे वनाचा हिशेब हे शास्त्र बनले. त्या हिशेबात सरळ खोडाचा, झपाट्याने वाढणारा स्प्रूस सरस ठरला आणि थंड, ओलसर डोंगरांवरचा हा वृक्ष सखल प्रदेशांतही एकजिनसी रांगांनी लावला गेला.

हिशेब चुकीचा होता काय? मुळीच नाही. १८७० पासून जपलेल्या मध्य युरोपातील प्रयोगक्षेत्रांच्या मोजमापावरून २०१४ मध्ये असे दिसून आले की, १९६० च्या तुलनेत स्प्रूसच्या वनांची वाढ सुमारे १० टक्क्यांनी अधिक वेगाने होत आहे. वाढते तापमान आणि लांबलेला वाढीचा हंगाम ही त्याची कारणे. परंतु २०१८ मधील दुसऱ्या अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखविली. १९०० पासून स्प्रूस, पाइन आदी वृक्षांच्या लाकडाची घनता ८ ते १२ टक्क्यांनी उतरली आहे. घनमीटर वाढले, पण प्रत्येक घनमीटरातील लाकूड हलके झाले.

आणि २०१८ चा दुष्काळ आला. उथळ मुळांचा स्प्रूस तहानला, भुंगेऱ्याला अडविणारी राळ त्याला पुरेशी स्रवता येईना आणि सालीखाली शिरणाऱ्या या किड्याने उष्ण वर्षांत एकामागून एक पिढ्या वाढविल्या. २०२१ पर्यंत सुमारे ५ लाख हेक्टरांवरील वृक्षाच्छादन नष्ट झाले. शंभर वर्षांची वाढ तीन उन्हाळ्यांत गेली.

याच परंपरेतून आलेले डिट्रिच ब्रँडिस १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. तेव्हापासून आपल्या वनखात्यानेही तीच शिस्त गिरविली. महाराष्ट्रात १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाल्यावर मिश्र वन काढून साग लावण्याचा मार्ग अवलंबिला गेला. सागाची गोष्ट स्प्रूसहून निराळी आहे, तो आपल्याच भूमीतला वृक्ष आहे, हे खरे. तथापि, एकाच जातीवर सारी पुंजी लावण्यातील धोका त्यामुळे टळत नाही.

वाढीचा वेग हे उत्पन्नाचे आश्वासन नव्हे. वनाची वही दहा वर्षांनी नव्हे, शंभर वर्षांनी मिटवावयाची असते आणि तिच्यात जमेइतकीच जोखीमही मांडावी लागते. ती ज्यांनी मांडली नाही, त्यांना आता वाळलेली खोडे मोजावी लागत आहेत.