लॅपटॉपला वायफाय जोडताना



गेल्या जुलैत पीकविम्याची मुदत सरायला दोनच दिवस उरले होते. देऊळगाव राजाजवळच्या एका गावी एका भाऊंकडे चहाला थांबलो. कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी लॅपटॉप पुढे घेऊन रडकुंडीला आली होती. "काका, वायफाय जोडलं गेलं म्हणतो, पण पानच उघडत नाही." भाऊ म्हणाले, "जाऊ द्या साहेब, उद्या तालुक्याला जातो." ऐन डवरणीत एक दिवस मोडणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको.

मी आधी मोबाईल पाहिला. तो टिनपत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी पडलेला. टॉवरची एकही काडी नव्हती. इथेच सारी गोम होती. लॅपटॉप ते मोबाईल ही पाइपलाइन आणि टॉवरकडून येणारे इंटरनेट हे विहिरीतले पाणी समजा. पाइप घट्ट बसला, पण विहीर कोरडी असली तर नळाला काय येणार? मोबाईल ओसरीच्या खिडकीत ठेवला, लॅपटॉप होता तिथेच राहिला. थोड्या वेळाने पान उघडले, अर्ज भरला गेला, पावतीही मिळाली.

जोडणी अशी करावी:

१) मोबाईलचा डेटा सुरू करून सेटिंगमधील 'हॉटस्पॉट' चालू करावा. तिथे दिसणारे नाव व पासवर्ड कागदावर लिहून घ्यावा.

२) लॅपटॉपच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली पंख्यासारखी खूण असते. ती दाबल्यावर नावांची यादी येते. खूणच दिसत नसेल किंवा विमानाचे चित्र दिसत असेल, तर 'एअरप्लेन मोड' बंद करावा.

३) आपले नाव निवडून 'कनेक्ट' म्हणावे व पासवर्ड टाकावा. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जातो. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

४) यादीत आपले नावच येत नसेल, तर हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्झ करावा. जुन्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ कळत नाही. शिवाय २.४ च्या लहरी भिंतीपलीकडे अधिक चांगल्या पोचतात.

पूर्वी रेडिओलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २.४ च्या वायफायला मात्र आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही.

आता तीन गोष्टींची काळजी घ्या. लॅपटॉप स्वतःची दुरुस्ती गुपचूप उतरवून घेतो आणि दिवसभराचा डेटा तासाभरात संपतो. म्हणून त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू ठेवावे. दुसरे, पासवर्ड किमान आठ अक्षरांचा ठेवावा. गावभर सांगू नये, काम झाले की हॉटस्पॉट बंद करावा. तिसरे, स्टँडवर वा हॉटेलात बिनपासवर्डचे फुकट वायफाय मिळाले, तरी त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. ओटीपी तर कुणालाच सांगू नये.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. विम्याचा अर्ज शेतकऱ्याला स्वतः भरता येतो. त्यासाठी दिवस मोडायचा नाही आणि कुणाचे उंबरेही झिजवायचे नाहीत. फक्त मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो, तशी ही जोडणीही आठवडाभर आधी एकदा करून पाहा. घरातल्या लेकीला पुढे बसवा आणि तुम्ही शेजारी बसून शिकून घ्या.

कळावे.